भांडी बाजारातील दुकानाने फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर जाहिरात कशी करावी

फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर जाहिरात द्यायचे ठरले की सर्वांत आधी आलेल्या संदेशांना उत्तर कोण देणार, हे ठरवावे. जाहिरात गिऱ्हाइकाला उंबरठ्यापर्यंत आणून सोडते. पुढचा व्यवहार नेहमीप्रमाणे बोलण्यावरच होतो. दुपारी एक वाजता ‘समई केवढ्याला?’ असे विचारणाऱ्या बाईंना रात्री नऊला उत्तर मिळाले, तर तोवर त्यांनी दुसरीकडून समई घेतलेली असते आणि तो एक संदेश मिळवण्यासाठी मोजलेले पैसे वाया गेलेले असतात. नाशिकमधील छोट्या दुकानांच्या ज्या जाहिराती फसताना मी पाहिल्या, त्यांतील बहुतेक याच जागी फसल्या.

उदाहरणासाठी नाशिकच्या भांडी बाजारातील तांब्यापितळेचे एक दुकान घेऊ. दुकानाच्या नावाने वेगळा क्रमांक घेऊन त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस सुरू करावे, त्यात दुकानाची वेळ, सुट्टीचा वार आणि नकाशावरील नेमकी खूण भरावी. जुन्या नाशकातील अरुंद गल्ल्यांत नवखा माणूस सहज चुकतो, म्हणून गाडी कोठे लावावी हेही दोन ओळींत लिहून ठेवावे. कॅटलॉगमध्ये सुरुवातीला सगळे दुकान मांडण्याची गरज नाही. चांगली खपणारी पंधरा-वीस भांडी पुरेत. प्रत्येक भांड्याची उंची, वजन, पाणी किती मावते आणि आतून कल्हई आहे की नाही, ही माहिती त्यातच द्यावी. वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे ‘क्विक रिप्लाय’मध्ये साठवली, तर गल्ल्यावर गर्दी असतानाही मिनिटाभरात उत्तर जाते. चौकशी करणारे, आगाऊ रक्कम दिलेले आणि माल नेलेले, अशी लेबले लावली की कोणाला पुन्हा विचारायचे ते शोधावे लागत नाही.

किमतीबद्दल माझे मत ठाम आहे: ती लिहावी. ‘भावासाठी मेसेज करा’ असे लिहिल्याने संदेश वाढतात, परंतु त्यांतील निम्मे केवळ किंमत ऐकून गप्प होणाऱ्यांचे असतात आणि दुकानातील माणसाचा दिवस त्यांच्यातच जातो. तांब्यापितळेचा दर बदलता असतो हे खरे. अशा वेळी भांड्याचे वजन, त्या आठवड्याचा किलोचा दर आणि मजुरी वेगवेगळी लिहावी. ज्या घरात आजही वजन करून भांडी घेतली जातात, त्या घराला हा हिशेब लगेच कळतो आणि त्यातून दुकानावरचा विश्वासही वाढतो.

छायाचित्रांसाठी स्टुडिओ लागत नाही. पितळ आरशासारखे असल्यामुळे फ्लॅश लावला की भांड्यावर पांढरा डाग पडतो आणि ठोक्यांची नक्षी नाहीशी होते. त्यामुळे सकाळी दुकानाच्या दारात, उन्हात नव्हे तर उजेडात, फिकट सुती कापडावर भांडे ठेवून फोटो काढावा. आकार कळण्यासाठी घंगाळाशेजारी नेहमीचा तांब्या ठेवावा. रील उभ्या चौकटीतच चित्रित करावी आणि पहिल्या दोन-तीन सेकंदांत काम दिसू द्यावे: कल्हईवाल्याने तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकल्यावर उठणारा धूर आणि मागोमाग कापसाच्या बोळ्याने पसरणारी चकाकी, एवढे दृश्य कोणत्याही घोषवाक्यापेक्षा अधिक बोलते. गाण्यांबाबत मात्र सावध राहावे. व्यवसायाच्या खात्याला चित्रपटगीते वापरण्याचा परवाना सहसा नसतो. त्यासाठी मेटाने, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीने, उपलब्ध करून दिलेला ध्वनिसंग्रह वापरावा किंवा हातोडीच्या ठोक्यांचाच आवाज ठेवावा.

आता प्रत्यक्ष जाहिरात. पोस्टखालचे ‘बूस्ट’ बटण सोपे असले, तरी ॲड्स मॅनेजरमध्ये, म्हणजे मेटाच्या जाहिराती तयार करण्याच्या पानावर, जाऊन जाहिरात तयार करण्याची सवय लावून घ्यावी, कारण तेथे उद्दिष्ट नेमकेपणाने निवडता येते. ही यंत्रणा आपण जे मागतो तेच शोधून आणते: पसंतीचे अंगठे मागितले तर अंगठे देणारी माणसे आणते, जी भांडी घेतीलच असे नाही. म्हणून उद्दिष्ट ‘एंगेजमेंट’ (लोकांचा प्रतिसाद) निवडून संभाषणाचे ठिकाण व्हॉट्सॲप ठेवावे. त्यानंतर जाहिरात कोणत्या भागात दिसावी, याकडे बारकाईने लक्ष द्यावे. केवळ ‘नाशिक’ निवडले की शहराभोवती बरीच मोठी त्रिज्या आपोआप जोडली जाते आणि रोज तीनशे रुपये ठेवले असतील, तर त्यांतील काही भाग दूरच्या तालुक्यांत खर्च होतो. रुखवताच्या भांड्यांसाठी तो खर्च योग्य आहे, कारण लग्नाच्या खरेदीला सिन्नर-निफाडची कुटुंबेही नाशकात येतात. एका समईसाठी मात्र तेवढ्या लांबून सहसा कोणी येत नाही. अशा जाहिरातीसाठी नकाशावर खूण टाकून गंगापूर रोड, इंदिरानगर, सिडको, पंचवटी एवढाच भाग येईल असे वर्तुळ आखावे.

यात्रेकरूंचे वर्तुळ निराळे. मेटाच्या ठिकाण-निवडीत तेथे राहणाऱ्यांबरोबर नुकतेच तेथे आलेले लोकही येतात, त्यामुळे रामकुंडाभोवती दोन-तीन किलोमीटरचे वर्तुळ आखले तर धर्मशाळेत किंवा लॉजवर उतरलेल्या पाहुण्यापर्यंत जाहिरात पोहोचू शकते. त्याला घंगाळ नको असते. गंगेचे, म्हणजे गोदावरीचे, पाणी घरी नेण्यासाठी घट्ट झाकणाचा तांब्याचा गडू हवा असतो. ती जाहिरात मराठीबरोबर हिंदीतही करावी आणि तीत गंगेवरून दुकानापर्यंतचा पायी रस्ता दाखवावा. २०२६-२७ च्या सिंहस्थात याचा उपयोग किती होईल, हे नाशिककरांना सांगायला नको.

वय, आवडीनिवडी यांच्या चाळण्या लावत बसण्यात फारसा लाभ नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे थोडे पैसे चार ठिकाणी वाटू नयेत. नवीन जाहिरात संच, म्हणजे एकच वर्तुळ आणि एकच रक्कम ठरवलेला जाहिरातींचा गट, सुरुवातीला शिकण्याच्या टप्प्यात असतो: जाहिरात कोणाला दाखवावी, हे यंत्रणा चाचपत असते. त्यातून बाहेर पडण्यासाठी त्याला आठवड्याभरात साधारण ५० अपेक्षित कृती, म्हणजे आपल्या बाबतीत संदेश, मिळावे लागतात. एकच संच ठेवून त्यात दोन-तीन वेगळे फोटो दिले तर हा आकडा आवाक्यात येतो. चार संच केले तर एकही तेथवर पोहोचत नाही. मोठा बदल केला की शिकणे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, त्यामुळे रोज सकाळी उठून रक्कम किंवा मजकूर बदलू नये. जाहिरातीची जागा लिलावाने मिळते. धनत्रयोदशीच्या आठवड्यात सगळेच जाहिराती देतात व त्या लिलावात भाव चढतो. म्हणून तीन आठवडे आधी सुरुवात करावी.

मजकुरात आरोग्याचे दावे नकोत. तांब्याच्या भांड्यातील पाण्याने मधुमेह बरा होतो, असे लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्या वेळी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि ‘तुम्हाला मधुमेह आहे का?’ असे वाचकाला थेट विचारणारा मजकूर मेटाच्या धोरणातही बसत नाही. एखाद्या स्थानिक इन्फ्लुएन्सरला पैसे किंवा भांडी देऊन रील करून घेतली, तर ती जाहिरात असल्याचे तिच्यावर स्पष्ट लिहून घ्यावे.

खाते मात्र स्वतःच्याच नावाचे असावे. माझ्या परिचयातील एका दुकानाचे पान जाहिरात करून देणाऱ्याने स्वतःच्या खात्यातून उघडले होते. काम थांबल्यावर पान त्याच्याकडेच राहिले आणि काही वर्षांची गिऱ्हाइके हातची गेली. पूर्ण अधिकार मालकाकडे ठेवून इतरांना मर्यादित प्रवेश द्यावा, दुहेरी पडताळणी (पासवर्डबरोबर आणखी एक कोड) सुरू करावी आणि ‘तुमचे पान बंद होणार आहे’ असे सांगणाऱ्या अनोळखी संदेशातील दुवा उघडू नये.

हिशेबासाठी साधी वही पुरेशी आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाला ‘आमच्याबद्दल कोठे कळले?’ असे विचारून उत्तर विक्रीशेजारी लिहावे. समजा रोज ३०० रुपयांप्रमाणे दहा दिवस जाहिरात चालवली, तर ३,००० रुपये आणि १८ टक्के जीएसटीचे ५४० मिळून ३,५४० रुपये खर्च झाला. जाहिरात खात्यात जीएसटी क्रमांक भरलेला असेल तर कराची वजावट मिळू शकते. कम्पोझिशन योजनेतील, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेतील, दुकानदाराला ती मिळत नाही, त्याने पूर्ण रक्कम खर्च धरावी. ६० संदेश आले तर प्रत्येकी ५९ रुपये पडले, त्यांतून १२ विक्र्या झाल्या तर एका विक्रीमागे २९५ रुपये. एका विक्रीत ४०० रुपये सुटत असतील तर १०५ उरतात आणि जाहिरात पुढे चालवावी. २५० सुटत असतील तर आधी वहीत पाहावे की उरलेल्या ४८ जणांना उत्तर किती वेळाने गेले. ते वेळेवर गेलेले असेल, तरच फोटो किंवा वर्तुळ बदलावे.