ऑफशोअर हेलिकॉप्टरवर नवीन लागलेल्यांसाठी: रात्रीचा ॲप्रोच (उतरण्यासाठी जवळ येणं)

जुहूवरून समुद्रातल्या तेलाच्या रिगवर उडायची नोकरी लागली की घरचे विचारतात इंजिन बंद पडलं तर काय, आणि आपणही सुरुवातीला तेच घोकत बसतो. माझी तंतरली ती दोन्ही इंजिनं मस्त चालू असताना.

अमावस्येच्या आसपासची रात्र, नाईट लँडिंगची प्रॅक्टिस, मी को-पायलट आणि कंट्रोल्स माझ्याकडे. मुंबई हाय हे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून साधारण 160 किमी आत समुद्रात, तिथे रात्री क्षितिज नावाचा प्रकारच नसतो, वर तारे, खाली मच्छीमार बोटींचे दिवे, कुठलं काय ते कळत नाही, मधेच एकटा रिग लखलखतोय. डावीकडे वळताना पेन पडलं म्हणून मान खाली घातली, वर केली, आणि आपण उजवीकडे कलंडतोय असं शंभर टक्के वाटलं. समोरचा कृत्रिम हॉरायझन (कल दाखवणारं यंत्र) बघितला तर आम्ही डावीकडेच, आणि मी 'सरळ' करायच्या नादात अजून डावीकडे ढकलत होतो. तोंडातून शब्द फुटेना, खरं सांगायचं तर लाज वाटली. शेजारच्या कॅप्टन सरांनीच "माय कंट्रोल" म्हणून घेतलं.

हे का होतं, तर कानातल्या नळ्यांमधलं पाणी. सेकंदाला साधारण 2 अंशांपेक्षा हळू वळलात तर त्याला पत्ताच लागत नाही, आणि बराच वेळ वळत राहिलात की वाटतं सरळच चाललोय. गो-अराउंडला, म्हणजे न उतरता पुन्हा वर जाताना, तर अजून डेंजर, वेग वाढला की नाक वर गेल्यासारखं वाटतं, हात आपोआप सायक्लिक (हेलिकॉप्टर झुकवायचा दांडा) पुढे ढकलतो आणि खाली पाणी.

इंग्लंडजवळच्या मोरकॅम्ब बे मधे 27 डिसेंबर 2006 ला असाच रात्रीचा ॲप्रोच, को-पायलटचा ताबा सुटला, त्याने मदत मागितली पण कॅप्टनने कंट्रोल्स घेईपर्यंत साधारण 4 सेकंद गेले. सातही जण गेले. आपल्याकडेही 4 नोव्हेंबर 2015 ला मुंबई हायजवळ रात्रीच्या सरावात डॉफिन हेलिकॉप्टर समुद्रात पडलं, त्यात दोघे पायलट गेले.

म्हणून ब्रीफिंगमधे आधीच ठरवा, गडबडलो तर नेमका कोणता शब्द बोलायचा आणि ऐकणाऱ्याने काय करायचं. एकाची नजर बाहेर असेल तर दुसऱ्याने रेडिओ अल्टिमीटरवरची पाण्यापासूनची उंची आणि स्पीड मोठ्याने बोलत राहायचं, सर कितीही सीनियर असोत. सिम्युलेटरला गेलात की रात्रीचा गो-अराउंड स्वतःहून मागा, इन्स्ट्रक्टर वैतागला तरी चालेल.

माझं पेन आता दोरीने पॅडला बांधलेलं असतं. कॉकपिटमधे सगळे हसतात, हसू देत.