एकाच स्विचवर दोन सबनेट, आणि गोठणारं चित्र

सोसायटीचे कॅमेरे १९२.१६८.१.० या सबनेटमध्ये (म्हणजे नेटवर्क पत्त्यांच्या एका गटात), ऑफिसचे संगणक १९२.१६८.०.० मध्ये, दोन्ही एकाच साध्या स्विचवर (उपकरणं केबलने जोडणारी पेटी). कॅमेऱ्यांचं चित्र ऑफिसच्या संगणकावर बघायचं होतं. लिनक्स राउटरच्या एकाच नेटवर्क कार्डाला मी दोन्ही सबनेटचे पत्ते दिले, फॉरवर्डिंग (एका सबनेटची पॅकेट दुसऱ्यात पोचवणं) चालू केलं. (याने दोन्ही नेटवर्क एकमेकांपासून वेगळी होत नाहीत, त्यासाठी व्हीलॅनच, म्हणजे स्विचमध्येच केलेली वेगळी आभासी नेटवर्क, हवं.) चित्र आलं, पण थोड्या वेळात गोठायचं. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या.

शेवटी टीसीपीडंपमध्ये (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं साधन) सापडलं. पॅकेट आलेल्या कार्डावरूनच परत जातंय हे पाहून राउटर संगणकाला आयसीएमपी रीडायरेक्ट, म्हणजे जवळचा रस्ता सुचवणारा संदेश, पाठवत होता: थेट कॅमेऱ्याकडे जा. संगणक ऐकायचा, पण परक्या सबनेटच्या एआरपीला ('या आयपी पत्त्याचा हार्डवेअर पत्ता काय?' ही विचारणा) कॅमेरा उत्तरच देत नव्हता.

राउटरवर त्या कार्डाचं 'सेंड रीडायरेक्ट्स' हे सेटिंग ० (बंद) केलं, तरी तेच! सगळ्या कार्डांसाठीच्या 'ऑल' खालीही ० लागतं. एकीकडे १ राहिला तरी रीडायरेक्ट सुरूच. दोन्ही ० करून संगणक रीस्टार्ट केला. तेव्हापासून चित्र अखंड चालू आहे.