गॅरंड रायफल मधेच अडकतेय? सुटे भाग मागवण्याआधी या चुका टाळा

बोल्ट (काडतूस नळीच्या बुडात ढकलून ती बंद करणारा सरकता भाग) अर्ध्यावर थांबला की हात आपोआप हँडलकडे जातो. एक जोरदार हिसका बसतो, काडतूस उडून गवतात पडतं आणि बिघाडाचा पुरावाही त्याच्याबरोबर जातो. जुन्या एम-१ गॅरंडवर सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.

अडकली तर बोट चापावरून काढा, नळी निशाण्याच्या दिशेलाच राहू द्या आणि नीट बघा. रिकामी पुंगळी बाहेर पडली का? नवं काडतूस चेंबरच्या (नळीच्या बुडातल्या काडतुसाच्या घराच्या) तोंडाशी अडलंय की काडतुसं एकत्र धरणाऱ्या क्लिपमध्येच खाली बसलंय? क्लिप जागेवर आहे की वेळेआधीच उडाली? आणि क्लिपमधली ही कितवी गोळी होती? ही उत्तरं मिळाली की निम्मं काम झालं. मात्र चाप ओढूनही गोळी उडालीच नसेल तर हा प्रकार वेगळा. तिथं ३० सेकंद तसंच थांबायचं, मगच बोल्ट उघडायचा.

जॉन गॅरंड यांनी स्प्रिंगफील्ड आर्मरी या सरकारी शस्त्रकारखान्यात घडवलेली ही रायफल अमेरिकन लष्करानं १९३६ मध्ये स्वीकारली. काडतूस .३०-०६, पोलादी क्लिपमध्ये ८ गोळ्या, आणि शेवटची गोळी उडाली की क्लिपही वर फेकली जाते. आज अमेरिकेत सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅममधून (नागरिकांना जुन्या लष्करी रायफली विकणारी संस्था) किंवा दुकानातून मिळणारी गॅरंड ७०-८० वर्षांची असते. लष्करी डेपोत ती एकदा तरी खोलून जोडलेली असते आणि तिचे भाग तीन-चार रायफलींमधून आलेले असतात. त्यामुळे ‘हिचा हा भाग खराबच असतो’ असं ठोकून सांगणाऱ्याचं फार मनावर घेऊ नका. (भारतात सेमी-ऑटोमॅटिक रायफल साध्या परवान्यात बसत नाही. हा मजकूर अमेरिकेत सर्व्हिस, म्हणजे लष्करी धाटणीच्या, रायफलचा सराव करणाऱ्यांसाठी आहे.)

दोष रायफलचा समजणं, निघतो काडतुसाचा

या रायफलमध्ये बोल्टला मागं ढकलणारा दारूचा गॅस नळीच्या तोंडाजवळच्या साधारण २ मिलिमीटरच्या छिद्रातून घेतला जातो. छिद्र इतकं पुढं असल्यामुळे गोळी तिथं पोचते तेव्हा दाब किती उरलाय, यावर सगळा खेळ चालतो. रायफल बसवलेली आहे ती लष्करी एम-२ बॉल काडतुसावर, म्हणजे सुमारे १५० ग्रेनच्या गोळीवर (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक). शिकारीसाठी विकली जाणारी १८० ग्रेनची काडतुसं बऱ्याचदा सावकाश जळणाऱ्या दारूची असतात. गोळी छिद्रापाशी येते तेव्हाही त्यांचा दाब चढाच असतो. बोल्ट गरजेपेक्षा जोरात मागं आदळतो आणि कालांतरानं गॅसच्या धक्क्यानं बोल्टला मागं नेणारा ऑपरेटिंग रॉड वाकतो. गंमत म्हणजे अशा काडतुसांनी रायफल सुरुवातीला झकास चालते, म्हणूनच माणूस फसतो. खोक्यावर गॅरंडसाठी असल्याचं लिहिलेली काडतुसं घ्या, नाहीतर जादा गॅस बाहेर सोडणारा समायोज्य प्लग बसवा.

उलट बाजूनं, फार हलकी भरलेली घरगुती काडतुसं बोल्टला पुरेसं मागं नेतच नाहीत. पुंगळी निघते, पण बोल्ट पुढच्या काडतुसाच्या मागं पोचत नाही आणि रिकाम्या चेंबरवर बंद होतो.

क्लिपचंही तसंच. ओठ वाकलेली किंवा गंज चढलेली क्लिप सरळ फेका, ती काही महाग वस्तू नव्हे. भरताना एखादं काडतूस पुढं सरकलेलं राहतं आणि मग क्लिप आत बसायलाच नकार देते. काडतुसांची बुडं लाकडी फळीवर हलकेच ठोकून एका पातळीत आणा. क्लिपला वरखाली नाही, पण वरचं काडतूस उजवीकडे असेल तर उजव्या हातानं भरणं सोपं जातं. क्लिप अंगठ्यानं दाबताना तळहाताची कड हँडलला टेकलेली ठेवा. नाहीतर बोल्ट सुटतो आणि अंगठा चिरडतो. या दुखापतीला ‘गॅरंड थंब’ असं नावच पडलंय.

तेल ओतून मोकळं होणं

या रायफलला पातळ तेल चालत नाही. पावसात तेल धुऊन जायचं आणि बोल्ट अडायचा, म्हणून लष्करानंच तिच्यासाठी ग्रीस ठरवलं. पण ग्रीस म्हणजे लिंपणं नव्हे. बोल्टच्या दोन्ही लग्जवर (बाजूच्या उंचवट्यांवर), रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी सांगाड्याच्या) उजव्या बाजूला ऑपरेटिंग रॉड सरकतो त्या खाचेत, रॉडच्या कुबडात बोल्टचा लग फिरतो तिथं, नळीच्या बुडाला रॉड घासतो तिथं आणि घोड्याच्या माथ्यावर, प्रत्येक ठिकाणी तांदळाच्या दाण्याएवढं.

आता ग्रीस कुठं लावायचं नाही ते. गॅस सिलिंडर (नाव ऐकून स्वयंपाकघर आठवलं तरी इथं तो नळीच्या टोकाचा पोलादी नळकांडा आहे) आणि त्यात जाणारं रॉडचं टोक, दोन्ही कोरडी ठक्क हवीत. तिथलं तेल-ग्रीस जळून काजळीचा थर होतो आणि तोच पिस्टनला, म्हणजे रॉडच्या त्या टोकाला, धरून ठेवतो. फायरिंग पिनची (काडतुसाच्या बुडावर आपटणाऱ्या सळीची) वाटही कोरडीच. या पिनला परत ढकलणारी स्प्रिंग नसते. बोल्ट आदळतो तेव्हा ती थोडी पुढं जातेच. वाट मळकट असली आणि प्रायमर (काडतुसाच्या बुडातली पेट घेणारी टोपी) नाजूक असला, तर चाप न ओढताच गोळी उडू शकते. म्हणूनच चेंबरमध्ये हातानं एक काडतूस ठेवून बोल्ट धाडकन सोडायचा नाही. काडतुसं घरी भरणाऱ्यांनी कडक लष्करी प्रायमर वापरावेत.

सातव्या गोळीला अडते, आणि दोष क्लिपला

क्लिप तीनदा बदलूनही सहाव्या-सातव्या गोळीलाच अडत असेल तर स्प्रिंग बघा. गॅरंडमध्ये एकच लांब स्प्रिंग दोन कामं करते. बोल्टला पुढं ढकलते, आणि फॉलोअर रॉड या दांड्यामार्फत काडतुसं वरही उचलते. ती थकली की काडतूस वर यायला उशीर होतो, तोवर बोल्ट त्याच्यावरून निघून गेलेला असतो. कोरी स्प्रिंग साधारण २० इंच भरते. मोकळी ठेवून मोजल्यावर १९ इंचांच्या आत भरली तर बदला. ताणून लांब करायचा प्रयत्न करू नका, दोन क्लिपांत ती होती तिथं येते. हा सगळ्यात स्वस्त भाग असतो आणि लोक सगळ्यात शेवटी त्याच्याकडे वळतात, हे आमच्या मते उलटं आहे.

स्प्रिंग ठीक असेल तर जोडणी तपासा. साफसफाईनंतर लगेच सुरू झालेला बिघाड नव्वद टक्के वेळा जोडणीतलाच, असं आम्ही डोळे झाकून म्हणू. फॉलोअर रॉडच्या फाट्यावर एक उंचवटा असतो, तो नळीकडे तोंड करून हवा. उलटा बसला तरी जोडणी होते, म्हणून लक्षात येत नाही. ऑपरेटिंग रॉड कॅचचा (रॉडला मागं अडवून धरणाऱ्या भागाचा) मागचा हात क्लिप लॅचच्या (क्लिप धरून ठेवणाऱ्या खिटीच्या) पुढच्या खुंटीखाली जायला हवा. पडताळा सोपा आहे. रायफल उलटी असताना कॅचचा पुढचा हात बोटानं दाबा. क्लिप लॅच हलताना दिसला आणि त्याच्या स्प्रिंगचा ताण बोटाला जाणवला तर बरोबर. हात लुळा खाली गेला तर खुंटी चुकली आहे, पुन्हा खोला.

गोळ्या शिल्लक असताना क्लिप उडत असेल तर क्लिप लॅचची झिजलेली कड आणि त्याची स्प्रिंग, हे दोन संशयित.

गॅस गळतोय की रॉड घासतोय?

बोल्ट अर्धवट मागं येतो तेव्हा एकतर गॅस कमी पडतो, नाहीतर कुठंतरी घर्षण होतं. आधी गळती बघा. सिलिंडरच्या टोकाचा लॉक स्क्रू गोळीबाराच्या हादऱ्यांनी ढिला होतो. कॉम्बिनेशन टूलनं (रायफलसोबतच्या बहुउपयोगी हत्यारानं) घट्ट करा आणि सरावात मधेमधे हात लावून पाहा. काही स्क्रूंमध्ये ग्रेनेड लाँचरसाठीचा छोटा व्हॉल्व्ह असतो. तो काजळीनं उघडा राहिला की गॅस सरळ बाहेर. लॉक स्वतः मात्र हातानंच फिरवायचा आणि सिलिंडरशी जुळेल इतका मागं आणायचा, पान्हा लावून पुढं रेटायचा नाही.

मग घर्षण. रायफल रिकामी असल्याची खात्री करा (चेंबरमध्ये करंगळी घालूनसुद्धा), स्प्रिंग आणि ट्रिगरचा संच काढा, रॉड, बोल्ट, सिलिंडर आणि हँडगार्ड (नळीवरचं लाकडी आवरण) जागेवर ठेवा. नळी वर तिरपी केली की बोल्ट स्वतःच्या वजनानं मागं घसरायला हवा, खाली केली की पुढं जाऊन बंद व्हायला हवा. मग हेच लाकडी दस्ता हातानं धरून करा. दस्ता लावल्यावरच अडत असेल तर लाकूड रॉडला लागतंय. रॉडवरचा चकाकणारा पट्टा आणि लाकडावरची काळी रेघ एकमेकींसमोर येतात, तिथंच पातळ पॉलिश पेपर फिरवायचा, तोही बेताचा.

इथं एक महागडी चूक होते. रॉड बाहेर काढला की तो वाकडा दिसतो आणि माणूस तो व्हाइसमध्ये धरून सरळ करतो. गॅरंडचा रॉड मुळातच वाकडा बनवलेला असतो, नळीखालून वळसा घालून त्याला रिसीव्हरच्या उजवीकडे यायचं असतं. सरळ केलात की तो गेला. तिरपं करण्याच्या परीक्षेत तो पास होत नसेल तर चांगला रॉड घालून तुलना करा. जुन्या रॉडमध्ये हँडलजवळच्या काटकोनी खाचेत बारीक चीर पडते, भिंगातून बघा.

मापं घ्यायची ती शेवटी. रॉडचं टोक नवं असताना ०.५२६ इंच (सुमारे १३.३६ मिमी) असतं. ०.५२५ च्या खाली गेलं तर झिजलंय. सिलिंडर आतून ०.५३२ पेक्षा मोठा झाला तरी तेच. टोक एका अंगानं झिजतं, म्हणून मायक्रोमीटर फिरवून तीन-चार ठिकाणी लावा. पुंगळी चेंबरमध्येच राहत असेल तर या मापांच्या मागं लागू नका, एक्स्ट्रॅक्टरचं (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याचं) नख आणि चेंबरमधली खरड बघा.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा क्लिपमध्ये दोनच काडतुसं भरा. एकदा चाप ओढल्यावर दोन गोळ्या सुटल्या तर तिथंच थांबा, रायफल रिकामी करा आणि गनस्मिथकडे द्या. त्या बिघाडाशी घरी खेळायचं नाही. दोन नीट गेल्या तर एकाच जातीच्या काडतुसांच्या तीन क्लिपा, २४ फैरी. मधे अडली तर कितवी गोळी, पुंगळी कुठं पडली आणि बोल्ट कुठं थांबला, हे हँडलला हात लावायच्या आधी वहीत लिहा.