फ्लो मीटर ‘गेला’ म्हणण्याआधी या चुका टाळा

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) ऑपरेटरच्या फोनवरचं वाक्य ठरलेलं असतं: “साहेब, मीटर बगडी गयुं” (मीटर बिघडला). आपणही पाना उचलून थेट पाइपकडे निघतो. पहिली चूक हीच. सेन्सर, केबल, जंक्शन बॉक्स (वायरी जोडायची पेटी), कन्व्हर्टर (सेन्सरच्या सिग्नलचा करंट करणारा), पीएलसी (प्लांट चालवणारा कंट्रोलर) एवढी वाट चालून प्रवाहाचा आकडा पडद्यावर येतो. ती वाट आधी मधोमध तोडायची, म्हणजे बिघाड कुठल्या अर्ध्यात आहे ते कळतं.

कन्व्हर्टरच्या मेन्यूतून 12 मिलीॲम्पिअर सिम्युलेट करा, म्हणजे तेवढा खोटा सिग्नल पुढे पाठवा. (त्याआधी कंट्रोलर मॅन्युअलवर, इंटरलॉक (पंप आपोआप बंद करणारी सुरक्षा) परवानगीने बायपास, नाहीतर पंप ट्रिप आणि शिव्या आपल्याला.) 4 ते 20 मिलीॲम्पिअरच्या लूपचा हा मध्य, म्हणजे पडद्यावर रेंजच्या 50 टक्के हवेत. आले, तर पुढचं सगळं ठीक, उगाच कार्ड बदलू नका. मीटरची रेंज 100 आणि पीएलसीत भरलेली 120 असेल, तर 50 च्या जागी 60 दिसतात. हा बिघाड नाही, कुणाच्या तरी बोटांची करामत आहे. करंट 3.6 च्या खाली किंवा 21 च्या वर अडकला असेल, तर बहुतेक ट्रान्समीटर (करंट पाठवणारी उपकरणं, कन्व्हर्टरही त्यातलाच) स्वतःच फॉल्ट सांगत असतात. आधी त्याचा अलार्म वाचा.

शून्य करंट दिसला तर मल्टिमीटरवरही संशय घ्या. करंट मोडवर असताना कुणी त्याने व्होल्टेज मोजलं असेल, तर आतला फ्यूज उडालेला असतो. धडधाकट ट्रान्समीटर असे स्टोअरला परत गेलेले मी पाहिलेत.

एका पावसाळ्यात मी स्वतः फसलो. एफ्लुएंटच्या (सांडपाण्याच्या) लाइनवर मॅग मीटर (चुंबकीय क्षेत्राने प्रवाह मोजणारा), पंप बंद, पाइप भरलेला, तरी आकडा 38 च्या आसपास नाचतोय. इलेक्ट्रोडवर (पाण्याला टेकून सिग्नल उचलणाऱ्या टोकांवर) थर बसला असणार असं धरून चाललो. सेन्सर उतरवला, पुसला, परत चढवला. दुपारची सेव-उसळ हुकली ती वेगळीच. आकडा नाचतोच. मग सुचलं. कन्व्हर्टरच्या टर्मिनलवरून इलेक्ट्रोडच्या वायरी सुट्या केल्या आणि तिथले दोन्ही इनपुट कॉमनला शॉर्ट केले. आकडा शून्यावर शांत. म्हणजे कन्व्हर्टर बरा, दुखणं केबलच्या बाजूला. जंक्शन बॉक्सचं झाकण उघडलं तर टर्मिनल पट्टी पाण्यात! ग्लँड, म्हणजे केबल आत शिरते तो जोड, वरच्या तोंडाला होता. इलेक्ट्रोडचा सिग्नल जेमतेम मिलीव्होल्टचा, त्याला एवढी ओल पुरते.

केबलला मेगर (जास्त व्होल्टेजने इन्सुलेशन तपासणारं मीटर) लावायचाच असेल तर वायरी दोन्ही टोकांना सोडवा, नाहीतर कन्व्हर्टरचं कार्ड जातं. शील्ड (केबलमधलं धातूचं आवरण) दोन्हीकडे अर्थ करू नका; मॅन्युअलने सांगितलेलं टोकच धरा. पाइप अर्धवट भरलेला असेल तर चांगला मॅग मीटरही खोटं बोलतो, तिथे पान्याचा उपयोग नाही.

ऑरिफिसवाल्यांनी (पाइपात भोकाची चकती बसवून प्रवाह मोजणाऱ्यांनी) वर्गमूळ एकदाच काढायचं. फ्लो डीपीच्या (चकतीच्या दोन बाजूंच्या दाबातल्या फरकाच्या) वर्गमूळाप्रमाणे बदलतो, त्यामुळे डीपी 25 टक्के म्हणजे फ्लो 50 टक्के. ट्रान्समीटरने काढलेलं वर्गमूळ पीएलसीने पुन्हा काढलं की तोच फ्लो 70.7 दिसतो. शून्यावर आणि पूर्ण रेंजवर मात्र दोन्ही बरोबर जुळतात, त्यामुळे दोनच टोकं तपासणाऱ्याला हे कधी सापडत नाही.

त्या जंक्शन बॉक्सचा ग्लँड आता खालून आहे, आणि केबलला पाणी ठिबकून जाईल असा झोल दिलाय.