मोबाईलवर वाय-फायचं चिन्ह दिसत नाहीये? रिसेट मारण्याआधी हे करून बघा

वरच्या पट्टीतलं ते पंख्यासारखं चिन्ह गायब झालं की बहुतेक जण पहिल्या पाच मिनिटांत नेटवर्क रिसेट मारतात, काही जण तर थेट फॅक्टरी रिसेट, आणि मग फोटो गेले, पासवर्ड गेले म्हणून हळहळत बसतात. कळकळीने सांगतो, थांबा जरा. चिन्ह न दिसणं आणि वाय-फाय बिघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बऱ्याच वेळा नुसतं चिन्हच लपलेलं असतं किंवा फोनने स्वतःहून वाय-फाय सोडून मोबाईल डेटा धरलेला असतो, म्हणजे बिघाड असा काही नसतोच.

म्हणून आधी एकच चाचणी करा. मोबाईल डेटा बंद करा, म्हणजे पूर्ण बंद, आणि ब्राउझरमध्ये आधी कधी न उघडलेलं एखादं पान उघडा (आधी उघडलेलं पान नको, ते साठवलेल्या कॉपीतून उघडू शकतं आणि आपल्याला वाटतं नेट चालू आहे). पान उघडलं तर वाय-फाय ठणठणीत आहे, फक्त चिन्ह दिसत नाहीये. पान उघडलं नाही तर सेटिंग्जमध्ये वाय-फायच्या पानावर जा आणि तिथे काय लिहिलंय ते नीट वाचा. नेटवर्कच्या नावाखाली कनेक्टेड लिहिलंय, की कनेक्टेड पण इंटरनेट नाही असं लिहिलंय, की नुसतं सेव्ह्ड, की यादीच रिकामी आहे, की वरचं बटणच फिकं पडलंय आणि दाबलं जात नाहीये. यातलं नेमकं कुठलं, यावर पुढचं सगळं ठरतं, त्यामुळे इथे घाई नको.

आता पहिला प्रकार, नेट चालतंय पण चिन्ह नाही. फुल स्क्रीनवर व्हिडिओ किंवा गेम चालू असेल तर वरची पट्टीच लपलेली असते, ते आधी बघून घ्या, वरून बोट खाली ओढलं की पट्टी दिसते. त्यानंतर आठवून बघा, स्टेटस बार (म्हणजे हीच वरची पट्टी) सजवणारं एखादं अ‍ॅप किंवा थीम हल्लीच टाकली होती का. सॅमसंगवर गुड लॉक या त्यांच्याच सजावटीच्या अ‍ॅपमधलं क्विकस्टार नावाचं मॉड्यूल असेल तर त्यात एकेक चिन्ह दाखवायचं की लपवायचं याची यादी असते, तिथे वाय-फाय बंद केलेलं असू शकतं. अँड्रॉइड ६ पासून सिस्टिम यूआय ट्यूनर नावाचं एक लपलेलं पान आलं, त्यातही हीच सोय होती, आणि याची गंमत अशी की तिथे केलेली निवड फोनच्या सेटिंगमध्ये साठते, म्हणजे ज्या अ‍ॅपमधून ते पान उघडलं ते अ‍ॅप काढून टाकलं तरी चिन्ह लपलेलंच राहतं आणि माणूस डोकं धरून बसतो. तेव्हा असलं अ‍ॅप काढून टाकलं असेल तर परत टाका, त्यातून वाय-फायचं चिन्ह चालू करा आणि मगच काढा. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये (अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठीची, एरवी लपलेली सेटिंग्ज) सिस्टिम यूआय डेमो मोड नावाची पण एक गोष्ट असते, ती चालू राहिली तर वरच्या पट्टीतली चिन्हं खरी नसतातच, नमुन्यादाखल ठेवलेली असतात. कधी काळी डेव्हलपर ऑप्शन्स उघडले असतील तर तेवढं बघून घ्या.

काही जण चिन्ह म्हणतात पण त्यांच्या मनात वरची पट्टी नसते, खाली ओढल्यावर येणाऱ्या चौकोनांमधला वाय-फायचा चौकोन असतो. तो सापडत नसेल तर त्याच पॅनलमध्ये पेन्सिलचं किंवा एडिटचं बटण शोधा, त्यात खालच्या भागात न वापरलेले चौकोन पडलेले असतात, तिथून वाय-फाय उचलून वर ओढायचं. काही फोनवर मात्र कितीही शोधलं तरी मिळणार नाही, कारण अँड्रॉइड १२ पासून पिक्सेल आणि त्यासारख्या फोनवर वाय-फाय आणि मोबाईल डेटा एकत्र करून इंटरनेट नावाचा एकच चौकोन केला गेला. तो दाबला की आत वाय-फायचं बटण असतं. बऱ्याच लोकांना अपडेटनंतर वाय-फाय गेलं असं वाटायचं ते यामुळेच. आयफोनवर आयओएस १८ पासून कंट्रोल सेंटर हवं तसं बदलता येतं, त्यात हलवाहलवी करताना कनेक्टिव्हिटीचा गट चुकून निघाला असेल तर कंट्रोल सेंटर उघडून वर डाव्या कोपऱ्यातल्या अधिक चिन्हावरून तो परत टाकता येतो.

दुसरा प्रकार सगळ्यात जास्त भेटणारा, वाय-फाय चालू आहे पण जोडलेलंच नाही. बटण निळं दिसतं म्हणून लोक समजतात की सगळं ठीक, पण बहुतेक फोनवर वरचं चिन्ह हे वाय-फाय चालू असल्याचं नसतं, ते जोडलं गेल्याचं असतं. जोडलेलं नसेल तर चिन्ह येणारच नाही.

आयफोनवाल्यांनी इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. कंट्रोल सेंटरमधून वाय-फायवर टॅप केलं तर वाय-फाय बंद होत नाही, फक्त सध्याच्या नेटवर्कपासून सुटतं, आणि त्यानंतर फोन आपोआप कुठल्याच नेटवर्कला जोडत नाही, ते दुसऱ्या दिवशी पहाटे ५ वाजेपर्यंत किंवा तुम्ही दुसऱ्या ठिकाणी जाईपर्यंत किंवा फोन रिस्टार्ट करेपर्यंत. म्हणजे रात्री चुकून बोट लागलं तर चिन्ह गेलं, आणि सकाळी उठून बघावं तर आपोआप आलेलं. फोनला भुताटकी झालेली नाही, तो तसाच बनवलाय. लगेच हवं असेल तर सेटिंग्जमधून वाय-फायमध्ये जाऊन नेटवर्कच्या नावावर टॅप करा, झालं.

एअरप्लेन मोड बघा, हे सगळे सांगतात म्हणून जास्त लिहीत नाही. हॉटस्पॉट मात्र कुणी सांगत नाही. बऱ्याच फोनवर हॉटस्पॉट चालू केला की वाय-फाय आपोआप बंद पडतं, आणि मग हॉटस्पॉट बंद केला तरी वाय-फाय परत चालू होईलच असं नाही.

आता तो प्रकार जिथे लोक खरंच वैतागतात, चिन्ह येतं जातं येतं जातं, किंवा राउटरच्या शेजारी बसलोय तरी वर ४जी किंवा ५जी दिसतंय. इथे फोन तुमच्या वतीने निर्णय घेतोय. वाय-फायला जोडल्यावर फोन गुपचूप एक छोटीशी चौकशी करतो, म्हणजे अँड्रॉइड फोन गुगलच्या एका ठरलेल्या पत्त्यावर विनंती पाठवतो आणि तिकडून २०४ असं रिकामं उत्तर आलं की समजतो, नेट खरंच आहे. ते उत्तर नाही आलं तर चिन्हाशेजारी उद्गारचिन्ह येतं किंवा फुली येते, आणि फोन मोबाईल डेटाकडे वळतो. आयफोनही अशीच खात्री करून घेतो आणि वाय-फायमधून नेट येत नसेल तर वर मोबाईल डेटाचंच चिन्ह दाखवतो.

हे उत्तर न येण्याची कारणं कुठली, तर राउटरपर्यंत येणारं नेटच बंद असणं हे पहिलं, दुसऱ्या फोनवर तेच वाय-फाय लावून बघा, तिथेही नसेल तर तुमच्या फोनला हात लावायची गरजच नाही. दुसरं कारण लॉगिनचं पान, हॉटेल, स्टेशन, कॉलेज अशा ठिकाणी जोडल्यावर एक पान उघडतं आणि त्यात नंबर टाकून ओके केल्याशिवाय नेट मिळत नाही, ते पान तुम्ही बंद केलंत तर फोन अर्धवट जोडलेला राहतो. नेटवर्कच्या नावावर परत टॅप केलं की ते पान पुन्हा येतं. आणि तिसरं, ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, प्रायव्हेट डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर आपण ठरवायची सोय. अँड्रॉइड ९ पासून ही सेटिंग आहे, जाहिराती बंद करायला म्हणून लोक त्यात कुठला तरी पत्ता टाकून ठेवतात आणि विसरून जातात, मग तो सर्व्हर बंद पडला किंवा एखाद्या ऑफिसच्या नेटवर्कने अडवला की जोडलेलं असूनही नेट नाही. ते ऑटोमॅटिकवर ठेवा आणि बघा. व्हीपीएन (तुमचं नेट दुसऱ्या सर्व्हरमधून फिरवणारी सोय) असेल तर तेही थोडा वेळ बंद करून बघा.

फोनची ही आपोआप वळायची सवय बंदही करता येते. आयफोनवर मोबाईल डेटाच्या पानावर अगदी तळाशी वाय-फाय असिस्ट असतं, आयओएस ९ पासून आहे आणि आधीपासून चालूच असतं. वाय-फाय अशक्त झालं की ते डेटा वापरायला लागतं आणि वरचं चिन्हही बदलतं. सॅमसंगवर वाय-फायच्या पानावर तीन टिंबांमधून पुढच्या सेटिंग्जमध्ये स्विच टू मोबाईल डेटा असतं, बाकी कंपन्यांच्या फोनवर वाय-फाय असिस्टंट किंवा तशाच नावाने सापडेल. माझं मत विचाराल तर डेटा पॅक मर्यादित असेल तर हे बंदच ठेवावं, कारण घरी वाय-फायवर सिनेमा बघतोय असं समजून आपण डेटा संपवून बसतो. डेटा भरपूर असेल तर राहू दे चालू, कॉल मधेच तुटत नाहीत.

नेटवर्कचं नावच यादीत येत नसेल तर गोष्ट वेगळी. राउटर ५ गिगाहर्ट्झ या लहरींच्या पट्ट्यावर आहे आणि फोन फक्त २.४ वाला आहे, असं असेल तर तो फोन जन्मात ते नाव बघणार नाही. २.४ वर सुद्धा राउटर चॅनल (त्या पट्ट्यातला एक भाग) १२ किंवा १३ वर गेला असेल तर काही फोनना दिसत नाही, राउटरच्या सेटिंगमध्ये १, ६ किंवा ११ निवडा. नाव दिसतं पण जोडत नाही, पासवर्ड बरोबर असून, तर राउटरवर सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ (वाय-फाय सुरक्षेचा नवा प्रकार) ठेवलीये का बघा, जुन्या फोनना ती जमत नाही, डब्ल्यूपीए२ आणि ३ असा मिश्र पर्याय ठेवा. आणि राउटरवर मॅक फिल्टर लावलेला असेल, म्हणजे मॅक पत्ता (फोनच्या वाय-फायचा ओळख क्रमांक) बघून ठरावीकच फोन आत घ्यायचे अशी यादी, तर अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन आपला खरा मॅक पत्ता न देता प्रत्येक नेटवर्कला बनावट पत्ता देतात हे लक्षात घ्या, राउटर त्याला ओळखत नाही आणि दारातूनच परत पाठवतो. त्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डिव्हाइस मॅक निवडा, आयफोनवर प्रायव्हेट अ‍ॅड्रेस बंद करा.

एवढं करूनही नाही झालं तर फोन रिस्टार्ट, राउटर रिस्टार्ट, मग ते नेटवर्क फर्गेट करून परत पासवर्ड टाकून जोडणं, याच क्रमाने. अँड्रॉइडवर सेफ मोडही आहे, बऱ्याच फोनवर पॉवर ऑफचा पर्याय दाबून धरला की विचारतो, सेफ मोडमध्ये तुम्ही टाकलेली अ‍ॅप्स बंद राहतात, तिथे वाय-फाय नीट चाललं तर चोर एखादं अ‍ॅपच आहे, शेवटी टाकलेल्यापासून एकेक काढत जा.

आणि आता रिसेट. अँड्रॉइडवर सिस्टिममध्ये रिसेट ऑप्शन्स, सॅमसंगवर जनरल मॅनेजमेंटमध्ये, आयफोनवर जनरलमध्ये ट्रान्सफर ऑर रिसेटच्या आत. नेटवर्क रिसेटने फोटो, मेसेज काही जात नाहीत, पण साठवलेले सगळे वाय-फाय पासवर्ड जातात, अँड्रॉइडवर ब्लूटूथच्या जोड्याही जातात, आयफोनवर व्हीपीएन आणि एपीएनच्या (मोबाईल डेटा जोडणीच्या) सेटिंग्जही. ज्या ठिकाणचा पासवर्ड परत मिळणं अवघड आहे तो आधी कागदावर लिहून ठेवा. अँड्रॉइड १० पासून सेव्ह केलेल्या नेटवर्कवर शेअर दाबलं की क्यूआर कोड येतो आणि बहुतेक फोनवर खाली पासवर्डही दिसतो.

राहिला शेवटचा प्रकार, बटण फिकं पडलंय, किंवा चालू केलं की दोन सेकंदात आपोआप बंद होतं. ऑफिसचा फोन असेल तर ऑफिसनेच बंद केलेलं असू शकतं, त्यांना विचारा. स्वतःचा फोन असेल तर ब्लूटूथ चालू करून बघा. बहुतेक फोनमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच चिपवर असतात, त्यामुळे दोन्ही एकदम मेलेली असतील तर संशय चिपवर. मग अबाउट फोनमध्ये वाय-फायचा मॅक पत्ता बघा, आयफोनवर अबाउटमध्ये वाय-फाय अ‍ॅड्रेस. वाय-फाय चालू केल्यावरसुद्धा तिथे पत्त्याऐवजी उपलब्ध नाही किंवा एनए असं येत असेल तर फोनला आपली चिपच सापडत नाहीये. सिस्टिम अपडेट आलेलं असेल तर मोबाईल डेटावरून किंवा कॉम्प्युटरला जोडून टाकून बघा, कधी कधी बिघडलेलं सॉफ्टवेअर त्याने जागेवर येतं. नाही आलं तर फॅक्टरी रिसेटच्या नादी लागण्याआधी सगळ्याचा बॅकअप घ्या, कारण चिप गेली असेल तर रिसेटने ती परत येत नाही, फक्त तुमचा डेटा जातो.

दुरुस्तीला देताना नुसतं वाय-फाय चालत नाही असं सांगू नका. बटण फिकं आहे का, ब्लूटूथ चालतं का, मॅक पत्ता दिसतो का, फोन पडला किंवा भिजला होता का, गरम झाल्यावरच असं होतं का, एवढं सांगा, म्हणजे समोरच्यालाही उगाच सॉफ्टवेअर मारून बघतो म्हणत फोनमधलं सगळं पुसून टाकायची वेळ येणार नाही.