लाल भोपळ्यावर क्रिप्टोलीमसची पैदास

द्राक्ष किंवा सीताफळाच्या बागेत पिठ्या ढेकूण ही पांढरी, रस शोषणारी कीड सालीखाली आणि फळांच्या बेचक्यांत शिरली की फवारणीचे द्रावण तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. मूळचा ऑस्ट्रेलियातला आणि १८९८ मध्ये भारतात आणलेला क्रिप्टोलीमस भुंगेरा व त्याची अळी मात्र या किडीला तेथेही शोधून खातात. शेतकरी गटाला दोन लहान खोल्यांत हा मित्रकीटक वाढवता येतो.

पैदाशीचे यश बरेचसे भोपळ्यावर ठरते. पिकलेला, खोल धारांचा, देठ शाबूत असलेला लाल भोपळा निवडावा. धारांच्या खाचांत ढेकणाची पिले स्थिरावतात आणि देठ धरून भोपळा उचलता येत असल्याने ती चिरडत नाहीत. तो धुऊन, लिटरला १ ग्रॅम कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवून सुकवावा आणि खरचटलेल्या जागी वितळलेले मेण भरावे, कारण दीड महिना टिकायला हवा असलेला भोपळा मध्येच कुजला तर सगळी मेहनत वाया जाते.

त्यावर पिठ्या ढेकणाचे अंडीपुंज ठेवावेत. साधारण १५ ते २० दिवसांत भोपळा ढेकणांनी पांढरा झाला की तो मलमलीच्या पिंजऱ्यात ठेवून सुमारे १०० भुंगेरे २४ तास सोडावेत आणि नंतर तेच भुंगेरे पुढच्या भोपळ्यावर न्यावेत. आठवड्यात अळ्या दिसतात. महिनाभरानंतर एका भोपळ्यातून १५० ते २०० भुंगेरे मिळू शकतात.

ढेकणांची खोली आणि भुंगेऱ्यांची खोली पूर्णपणे वेगळ्या असाव्यात. रोजचे काम ढेकणांच्या खोलीतून सुरू करावे, कारण कपड्यांवरून गेलेले दोन-चार भुंगेरेही तेथील वसाहत संपवू शकतात. माझ्या मते ही शिस्त तापमान मोजण्याइतकीच महत्त्वाची आहे.

नवे भुंगेरे आठ-दहा दिवस पातळ केलेल्या मधावर ठेवावेत, म्हणजे त्यांचे मीलन होते, आणि मग सायंकाळी प्रादुर्भाव झालेल्या झाडांवर सोडावेत. गोड स्रावासाठी ढेकणांची राखण करणाऱ्या मुंग्यांचा बंदोबस्त आधीच करावा आणि कीटकनाशकाची फवारणी थांबवावी. क्रिप्टोलीमसची अळीही पांढऱ्या मेणाच्या तंतूंनी झाकलेली असते आणि पिठ्या ढेकणासारखीच दिसते. ती मोठी व चपळ असते, हा फरक बागेत काम करणाऱ्या प्रत्येकाला भोपळ्यावरच प्रत्यक्ष दाखवून ठेवावा.