पेशंटशी बोलण्यालाही मार्क असतात: डेंटलच्या थर्ड इयरला येणाऱ्यांसाठी

क्लिनिकल पोस्टिंग लागली, म्हणजे खऱ्या पेशंटवर काम सुरू झालं, की सगळ्यांचं लक्ष कोट्याकडे, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांच्या आकड्याकडे असतं. एक्स्ट्रॅक्शन (दात काढणं) किती झाली, स्केलिंग (दात साफ करणं) किती राहिली. पेशंटशी बोलणं कोट्यात धरत नाहीत, त्यामुळे त्याची तयारीही होत नाही. मी नवी मुंबईत डेंटलच्या मुलांना शिकवते आणि परीक्षेत संवादाच्या स्टेशनवर, म्हणजे पेशंटशी बोलण्याच्या टप्प्यावर, परीक्षक म्हणून बसते. तिथे नेमकं काय पाहतात ते आधी कळलं, तर पोस्टिंगमधला प्रत्येक पेशंट तुम्हाला उपयोगी पडेल.

ही स्टेशनची परीक्षा म्हणजे ओस्की (OSCE, ऑब्जेक्टिव्ह स्ट्रक्चर्ड क्लिनिकल एक्झामिनेशन). रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीहून ती मांडली. ठरावीक मिनिटं, समोर पेशंटची भूमिका शिकून आलेली व्यक्ती आणि परीक्षकाच्या हातात चेकलिस्ट. सगळ्यांना तोच पेशंट, तीच तक्रार. तोंडी परीक्षेत (व्हायव्हात) कोणाला सोपा प्रश्न येतो, कोणाला अवघड. इथे तसं होत नाही, म्हणून मला ही पद्धत जास्त न्याय्य वाटते.

गोड बोललं की मार्क मिळतात, असा समज आहे. तसं नाही. पेशंटकडून खरी माहिती निघाली का आणि तुमचं सांगणं त्याला समजलं का, हे दोन मुद्दे सर्वात जड.

पहिल्याचं उदाहरण आमच्या ओपीडीत वारंवार दिसतं. उरण-पनवेलकडच्या एखाद्या मावशी येतात. विद्यार्थी विचारतो, “तंबाखू खाता का?” मावशी म्हणतात, “नाय.” केस पेपरवर ‘नाही’ लिहून तो पुढे सरकतो. तोच प्रश्न “मावशी, दात कशाने घासता?” असा विचारला, तर उत्तर येतं, “मशेरीनं. सकाळी लावते, दुपारी जेवल्यावर पन लावते.” मावशी खोटं बोलल्या नव्हत्या. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण त्यांच्या लेखी ती दात घासायची वस्तू आहे. इथे चेहऱ्यावर नाराजी दाखवलीत, तर पुढचं काही कळणार नाही. कधीपासून, किती वेळा, तिखट खाल्लं की झोंबतं का, तोंड पूर्वीइतकं उघडतं का, हे शांतपणे विचारा.

दुसरा मुद्दा दात काढल्यानंतरच्या सूचनांचा. मुलं त्या एका दमात म्हणतात आणि शेवटी “समजलं ना?” विचारतात. पेशंट मान हलवतो. त्याचे मार्क मी देत नाही. “काका, घरी गेल्यावर काय काय करणार, मला सांगा बरं,” असं विचारा. काका म्हणतात, “गेल्या गेल्या मिठाच्या गरम पाण्याने चूळ भरीन.” म्हणजे पुन्हा सांगायला हवं: कापूस अर्धा तास दाबून धरायचा, आज थुंकायचं नाही, जोरात चूळ भरायची नाही, कोमट मिठाचं पाणी उद्यापासून. रक्ताची गाठ जागेवर राहिली तरच जखम नीट भरते, हे कारणही सांगा. कारण कळलं की सूचना लक्षात राहते.

आपल्या कामात एक अडचण खास आहे: उपचार सुरू झाला की पेशंटला बोलता येत नाही. म्हणून महत्त्वाचं बोलणं खुर्ची सरळ असताना, मास्क खाली करून, समोर बसून करा. दुखलं तर डावा हात वर करायचा, हे आधीच ठरवा आणि हात वर झाला की खरोखर थांबा. हात वर झालेला असताना “झालंच, झालंच” म्हणत काम चालू ठेवणाऱ्याचे मार्क मी हमखास कापते.

वरची दाढ काढली की नजर जाते, ही भीती पेशंटची भूमिका करणारी व्यक्ती बहुतेक वेळा मुद्दाम बोलून दाखवते. हसू नका. दाताची नस वेगळी, दृष्टीची वेगळी, एवढं साध्या शब्दांत सांगा आणि मग विचारा, “अजून कसली काळजी वाटते?” या प्रश्नानंतर थोडं गप्प राहायचं असतं. बरेच जण तो विचारतात आणि लगेच इंजेक्शनकडे वळतात. खर्चाची अडचण, शुगरची गोळी बंद केलेली, असं खूप काही पेशंट नेमकं त्या वेळी सांगतो.